क्लिकर घेताय? डबीचा नको, बटणाचा घ्या

कुत्र्याला मारझोड न करता शिकवायचं तर क्लिकर, म्हणजे दाबला की 'टक्' वाजणारी हातात मावणारी छोटी वस्तू, याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. बाजारात दोन प्रकार दिसतात: आत पोलादी पट्टी असलेली प्लॅस्टिकची चौकोनी डबी, आणि वर फुगीर बटण असलेला गोलसर क्लिकर. घरासाठी दुसराच घ्या.

डबीचा आवाज फार कडक. पट्टी दाबताना एकदा नि सोडताना एकदा वाजते. मैदानात ठीक, पण लहान खोलीत, त्यातून फटाक्यांना घाबरून पलंगाखाली शिरणारं कुत्रं असेल तर पहिल्याच दिवशी सगळं बिघडतं. डबीच घरात असेल तर रुमालात गुंडाळून वाजवा. शिवाय पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईकडे, पट्टी गंजते नि आवाज बसतो. बटणाचा मऊ वाजतो, हात अडकले असतील तर पायानेही दाबता येतो. खोड एकच: खिशात आपोआप वाजतो.

क्लिक म्हणजे बक्षीस नव्हे, 'हे बरोबर, खाऊ येतोय' एवढी खूण. डॉल्फिनने उडी मारली त्या क्षणी तोंडात मासा देता येत नाही, म्हणून तिथे शिट्टी वापरतात, तत्त्व तेच.

सुरुवातीला काही शिकवू नका. क्लिक, लगेच खाऊ, असं पंधरा-वीस वेळा. आवाजासरशी कुत्र्याने मान वळवली की पुढे जा. 'बस' शिकवताना खाऊ नाकावरून मागे न्या, बूड जमिनीला टेकताच क्लिक, दोन सेकंदांत खाऊ. क्लिक उशिरा झाला तर कुत्रं उठत असतं, आणि बक्षीस उठण्याला मिळतं. हात बसवायला आधी कुत्र्याशिवाय सराव करा: कुणाला तरी चेंडू टाकायला सांगा नि तो जमिनीला लागताच दाबा.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो हाताचा. क्लिकच्या आधीच हात पिशवीत गेला की कुत्रं हाताकडे बघायला शिकतं, आवाज वाया जातो. आधी क्लिक, मग हात. चुकून दाबला गेला तरी खाऊ द्यायचाच. आणि कुत्र्याला बोलवायला क्लिकर वाजवू नका.

खाऊ वाटाण्याएवढा: उकडलेलं बिनमिठाचं चिकन किंवा पनीर. बिस्किट नको, चावण्यात वेळ जातो, नि मग चुरा हुंगणं सुरू. मनुका, चॉकलेट, कांदा विषारी, चुकूनही नको. एका वेळी तीन ते पाच मिनिटं शिकवलं की पुरे. दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांपलीकडे खाऊ जाऊ देऊ नका, आणि तेवढं जेवण कमी करा.

सवय पक्की झाली की क्लिकर बाजूला ठेवून 'शाब्बास' चालतं. फिरायला नेताना एका हातात पट्टा, दुसऱ्यात खाऊ, मग क्लिकर कुठे? म्हणून मनगटाला अडकवायची स्प्रिंगची दोरी सोबत येते का, ते पाहूनच घ्या.