दोन छत्र्या, एक बॉक्स आणि दीडशे रुपयांचा स्विच

टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला चार तारे, दोन डिश-छत्र्या त्याला जोडणाऱ्या स्विचला एक, तोही प्लास्टिकच्या झाकणासाठी.

आमच्या कराडच्या गच्चीवर सहा फुटी जाळीची छत्री कित्येक वर्षं पडून होती. आईला सह्याद्री लागतं, म्हणून दूरदर्शनच्या फ्री डिशची साठ सेंटिमीटरची छोटी छत्री आधीच बसवलेली. महिन्याचं भाडं नाही, आई खूश. पण जुलैत एक जोराची सर आली की चित्राचे चौकोन व्हायचे आणि मग पडदा निळा. फ्री डिश केयू बँडवर, म्हणजे जास्त वारंवारितेच्या लहरींवर येते आणि त्या लहरींना मुसळधार पाऊस फार अडवतो. कमी वारंवारितेच्या सी बँडचं तसं नसतं, पण त्याला छत्री मोठी लागते. ती तर होतीच! गंज घासला, नवा एलएनबी (छत्रीसमोर बसून सिग्नल पकडणारा डबा) आणला आणि कामाला लागलो. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय हो, पापड वाळवायला का?"

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आमच्याकडून आग्नेयेला. ती दिशा शोधायला होकायंत्र लागत नाही, गल्लीतल्या छत्र्या बघायच्या. मोठी छत्री ८३ अंशावरच्या जीसॅट-३० या उपग्रहाकडे लावली. तो दक्षिणेच्या जरा पूर्वेला आणि इतका उंच की छत्री जवळजवळ आभाळाकडे तोंड करून बसते. शेजारचा नारळ त्यामुळेच आड येत नाही. एक सकाळ सिग्नल मिळवण्यात गेली आणि दुपार एलएनबी थोडा थोडा फिरवण्यात. तिकडच्या सगळ्या वाहिन्या फुकट उघड्या नाहीत, पण बातम्यांपुरतं भागतं.

बॉक्स मात्र झकास. एमपेग-२ आणि एमपेग-४ ही चित्र पाठवायची दोन्ही तंत्रं घेतो. मेनूत एलएनबीचा आकडा छोट्या छत्रीला ९७५०/१०६००, मोठीला ५१५० आणि प्रत्येकीला स्विचचं आपापलं पोर्ट एवढं भरलं की झालं. चॅनल बदलला की बॉक्स त्याच केबलमधून स्विचला सांगतो, कुठली छत्री हवी ते.

गोची इथेच झाली. चार तोंडांचा डायसेक स्विच (बॉक्सच्या इशाऱ्यावर छत्री बदलणारा) 'पावसाळी झाकणासकट' म्हणून घेतला होता. पहिल्याच पावसात मोठी छत्री गायब. मी आधी छत्रीवरच संशय घेतला, भर पावसात वर चढून बोल्ट पिळले, हिच्या शिव्या खाल्ल्या. मग केबल सरळ बॉक्सला लावली तर सिग्नल फुल्ल! स्विच उघडला तर आत पाणी आणि केबलच्या टोकाच्या एफ कनेक्टरच्या तारेवर हिरवट गंज. दुकानदार म्हणाला, "आता पावसात ठेवल्यावर काय होणार?" मग झाकण कशाला दिलं, शोभेला?

दुसरा स्विच जरा जड, धातूच्या खोक्याचा घेतला. तोंडं खाली करून टाकीच्या आडोशाला बांधला आणि केबलला खाली एक झोल ठेवला, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. जोडणी करताना बॉक्सचा प्लगच काढून ठेवा. केबलमधून एलएनबीसाठी १३ नाहीतर १८ व्होल्ट जात असतात; मधली तार कडेला टेकली की बॉक्स गेलाच.

काल दुपारी धो धो पाऊस होता. छोटी छत्री गेली, आईनं हाक मारली. मी रिमोटनं मोठीवर आणलं. "हे सह्याद्री नाही," म्हणाली, आणि तरी बघत बसली.