१४ महिने, १५० काडतुसं, चार वेळा अडकलं: माझ्या .३२ पिस्तुलाचा अनुभव

कंपनीचं नाव लिहिणार नाही हे आधीच सांगतो, खाली कोणी विचारू नका. लिहायचंय ते कंपनीबद्दल नाहीच. घेण्याआधी दोन-तीन महिने मी जे टॉर्चर टेस्टचे व्हिडिओ बघत बसलो, पिस्तूल चिखलात बुडव, वाळूत पुर, गाडीखाली घाल, बर्फात गोठव, त्यातलं नंतर कामाला काय आलं आणि काय नाही, त्याबद्दल लिहायचंय.

मळा दिंडोरी रोडला, द्राक्ष. सीझनला मजुरांचे पैसे घेऊन रात्री-बेरात्री यावं लागतं, त्यावरून लायसन्स मिळालं. पिस्तूल डिसेंबर २०२३ मध्ये घेतलं. आपल्याकडे ९ एमएम सामान्य माणसाला नाही, ती प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेल्या मापाची, त्यामुळे .३२ शिवाय फारसा पर्याय नसतो. आता गंमत अशी की व्हिडिओतला गोरा पठ्ठ्या एका दुपारी दोन हजार गोळ्या उडवतो, आणि माझ्या लायसन्सवर एकावेळी ५० आणि वर्षाला १००. म्हणजे त्याची एक दुपार म्हणजे माझी वीस वर्षं. हे घेताना डोक्यातच आलं नव्हतं.

तर १४ महिन्यांत रेंजवर १५० उडवली. चार वेळा अडकलं. हिशोब वहीत लिहिलाय, कारण आठवणीवर सोडलं की माणूस आपल्या वस्तूची बाजू घेतो.

पहिलं अडकलं २३ व्या गोळीला. चाप दाबला, गोळी गेली, स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, पुढे यायला लागली आणि मध्येच थांबली. मॅगझीन काढून बघितलं तर वरचं काडतूस नाक खाली घालून बसलेलं, अंगठ्याने ढकललं तरी हलेना. ह्याला रिमलॉक म्हणतात. .३२ चं काडतूस सेमी-रिम आहे, म्हणजे बुडाची कड पुंगळीपेक्षा किंचित बाहेर असते. ब्राउनिंगचं डिझाईन, १८९९ च्या सुमाराचं. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असली तर सुरळीत सरकतं, मागे गेली की अडकून बसतं. मी भरताना नीटच भरलं होतं, पण भरलेलं मॅगझीन आठ दिवस जीपच्या खणात होतं आणि मळ्याचा रस्ता तुम्ही बघितला तर मला दोष देणार नाही. नंतर व्हर्नियर लावून बघितलं. त्या लॉटची काडतुसं २४.२ मिमी भरली, दुसऱ्या लॉटची २४.९. आखूड काडतुसाला मॅगझीनमध्ये पुढेमागे हलायला जागा मिळते, धक्के बसले की कड मागे जाते, बस्स. आता मला सांगा, चिखलात बुडवून हे कळलं असतं का? चिखलाचा आणि ह्याचा काडीचा संबंध नाही.

दुसरं आणि तिसरं, दोन्ही मिसफायर, त्याच लॉटचे. टक्क आवाज आला आणि काहीच नाही. इथे एक सांगतो, कारण रेंजवर लोकं लगेच स्लाईड ओढताना बघितलीत: गोळी गेली नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं, कधी कधी दारू उशिरा पेटते. थांबलो, काढलं, बघितलं. एकाच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाच्या ज्या टिकलीवर पिन आपटून दारू पेटते तिच्यावर, पिनेचा खड्डा चांगला खोल होता, म्हणजे दोष काडतुसाचा. दुसऱ्यावर नुसता ओरखडा. तो दोष पिस्तुलाचा, पिनेच्या भोकात तेल-काजळीचा चिकटा झाला होता. बाहेरून दोन्ही वेळा सेम टक्क. खड्डा बघितला नसता तर दोन्ही काडतुसाच्या नावावर खपवले असते.

चौथं मात्र खरं टॉर्चर टेस्टचं. मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, पिस्तूल ठाण्यात जमा. जूनमध्ये परत मिळालं. मग ऑक्टोबरात विधानसभेची, परत जमा, नोव्हेंबर संपता संपता परत. जमा करताना मी शहाण्यासारखं भरपूर तेल घालून लेदरच्या होल्स्टरमध्ये ठेवून दिलं होतं. इथेच चुकलो. लेदर ओल धरतं, आणि नाशिकचा एप्रिल-मे कितीही कोरडा असला तरी माझ्या घामाचं मीठ त्या लेदरमध्ये आधीच मुरलेलं होतं. जूनमध्ये हातात आलं तेव्हा स्लाईडच्या डाव्या बाजूला, बरोब्बर जिथे कंबरेला लागतं तिथे, मोहरीएवढे तांबूस ठिपके. तेल आटून मधासारखं झालेलं. मी वरवर पुसलं आणि रेंजवर गेलो, पहिल्याच मॅगझीनला पुंगळी बाहेर न पडता स्लाईडमध्ये धुराड्यासारखी उभी अडकली. .३२ ब्लोबॅक आहे ना, म्हणजे पुंगळीच्या धक्क्यानेच स्लाईड मागे जाते, तर स्लाईडला मागे ढकलणारी ताकदच मुळात बेताची, त्यात मधासारखं तेल.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, देवळालीला तोफखान्यातून रिटायर झालेले, त्यांना दाखवलं. म्हणाले, "अरे, तू द्राक्षाच्या बागेत गंधक मारतोस आणि तोच हात पिस्तुलाला लावतोस, आणि काळजी चिखलाची करतोस?" मग स्वतःच बसून पूर्ण खोललं, सांधा अन् सांधा पुसला, आणि तेल इतकं कमी लावलं की मी म्हटलं काका अजून थोडं. "दिसलं म्हणजे जास्त झालं," एवढंच बोलले. होल्स्टर आता वेगळं ठेवतो, पिस्तूल सुती कापडात.

आता टॉर्चर टेस्ट अगदीच फालतू का? नाही. पण कोणती टेस्ट काय सांगते ते बघा. १९११ च्या मार्चमध्ये अमेरिकन सैन्याने कोल्ट आणि सॅव्हेज ह्या दोन कंपन्यांच्या पिस्तुलांना प्रत्येकी ६,००० गोळ्या झाडायला लावल्या. कोल्ट एकदाही अडकलं नाही, सॅव्हेज ३७ वेळा अडकलं. पण त्यातही दर शंभर गोळ्यांनी पाच मिनिटं थंड करत होते आणि दर हजारला साफ करून तेल घालत होते. हे लोकं सांगत नाहीत. आणि सहा हजारात शून्य म्हणजे काय, तर गणितात एक सोपा नियम आहे, तीनला गोळ्यांच्या संख्येने भागा. ६,००० ला शून्य आलं तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दोन हजारात एकापेक्षा जास्त वेळा अडकणार नाही.

तोच नियम मला लावतो. मॅगझीन आणि लॉट बदलल्यावर शेवटच्या ७० गोळ्या एकदाही अडकल्या नाहीत, मी खूश. तीन भागिले ७०, म्हणजे शंभरात चार वेळा अडकण्याची शक्यता मी अजून नाकारू शकत नाही. सात गोळ्यांच्या मॅगझीनला हे लावलं तर वाईटात वाईट चार मॅगझीनमध्ये एक अडकणार. हजारात एक एवढी खात्री हवी असेल तर ३,००० गोळ्या न अडकता जायला हव्यात, माझ्या कोट्याने तीस वर्षं. तोपर्यंत बाग पोराच्या नावावर झालेली असेल. त्यामुळे "माझं कधीच अडकलं नाही" असं कोणी म्हणालं की मी पहिलं विचारतो, भाऊ, उडवल्या किती? बहुतेकांचं उत्तर वीस-पंचवीसच्या पुढे जात नाही.

मला विचाराल तर चिखलापेक्षा पाडून बघायची टेस्ट लाख मोलाची. सिग कंपनीचं पी३२० पिस्तूल जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकन सैन्याने निवडलं, केवढ्या चाचण्यांतून गेलेलं. त्याच ऑगस्टमध्ये काही लोकांनी ते जरा तिरपं, स्लाईडचा मागचा भाग आधी आपटेल असं पाडलं, आणि गोळी सुटली. ठरलेल्या चाचण्यांमध्ये पाडायचे कोन ठरलेले असतात, हा कोन त्यात नव्हता. चाप वजनाने जड होता, पिस्तूल आपटून थांबलं तरी चाप स्वतःच्या वजनाने मागे जात राहिला. कंपनीने मग हलका चाप बसवून द्यायला सुरुवात केली. अडकलेलं पिस्तूल मला मारेल न मारेल, पण खाली पडून सुटलेली गोळी शेजारच्या माणसाला लागते. मी सीझनला बांधावरून, ड्रिपच्या नळ्यांवरून धडपडत फिरणारा माणूस, मला वाळूपेक्षा ह्याची भीती जास्त. म्हणून चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतुसाची जागा, रिकामं ठेवतो, लोकं हसतात, हसू देत.

रिव्हॉल्व्हर का नाही घेतलं असं बरेच जण विचारतात. मिसफायर झाला तर परत चाप दाबला की पुढचं काडतूस समोर येतं, हे खरंय, आज घ्यायचं झालं तर कदाचित तेच घेईन. तेव्हा पातळ दिसलं म्हणून पिस्तूल घेतलं, दुसरं काही कारण नाही.

ज्याला रिमलॉक झालं ते मॅगझीन फेकलं नाही, लाल टेप लावून ड्रॉवरमध्ये ठेवलंय, फक्त रेंजवर वापरतो. चांगलं मॅगझीन आता जीपच्या खणात राहत नाही, आणि दर रविवारी सातही काडतुसं काढून, कडा बघून परत भरतो. बायको म्हणते देवपूजेला एवढा वेळ देत नाहीस. नवीन लॉटची ५० आणलीत, पहिली दहा मोजली, सगळी २४.८ च्या वर आहेत. त्यातली २१ पुढच्या महिन्यात उडवणार, छाटणीची गडबड उरकली की.