ठाण्यात सोळा की नाशकात बारा? जाऊन परत आलेल्याचा हिशोब

आमच्या बिल्डिंगमधल्या एका मित्राला नाशिकच्या कंपनीची ऑफर आलीये, अंबड एमआयडीसीत. इथे मुंबईत बीकेसीत त्याला वर्षाला १६ लाख मिळतात, तिकडे १२ देतायत, आणि गेले आठ दिवस तो लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, दूध आणायला गेलं की डेअरीवर, जिथे भेटेल तिथे मला एकच विचारतोय, "तू जाऊन आलायस ना, सांग ना काय करू." मी २०२२ ला असाच पगार कमी घेऊन नाशिकला गेलो होतो, दोन वर्षं राहिलो आणि परत ठाण्यात मानपाड्याला आलो. त्याला तुकड्यातुकड्यात सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय, अजून कोणाचं असंच अडलं असेल तर त्यांना पण होईल उपयोग.

आधी पैसे, कारण सगळे तिथेच अडतात आणि हिशोब पण तिथेच चुकवतात. १६ वजा १२ म्हणजे ४ लाख, भागिले बारा, महिन्याला ३३ हजार गेले असं तो बायकोला सांगून मोकळा झाला आणि ती अर्थातच नाही म्हणाली. पण हातातला फरक तेवढा नाहीये. २०२५ च्या बजेटपासून नवीन टॅक्स रेजिममध्ये टॅक्सेबल इन्कम १२ लाखांच्या आत असेल तर रिबेट (म्हणजे टॅक्समधली सूट) धरून टॅक्स शून्य, पगारदारांना वर ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे १२ लाखवाल्याला काही भरायचंच नाही. १६ वाल्याचे ७५ हजार वजा जाऊन उरले १५.२५ लाख, त्यावर स्लॅबने १,०८,७५० आणि ४ टक्के सेस, झाले १,१३,१००. एवढे तर तो आजही घरी आणत नाही ना! खरा फरक राहिला २ लाख ८७ हजार, म्हणजे महिन्याला २४ हजारांच्या आत. हे सगळं ग्रॉस पगारावर हां, सीटीसीवर (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) नाही. सीटीसीत कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि तो 'व्हेरिएबल' नावाचा गाजर घातलेला असतो, त्यामुळे ऑफर लेटरमधले १२ हे नक्की कुठले १२ ते आधी विचारा. मी नव्हतं विचारलं, पहिल्या महिन्याची पेस्लिप बघून अर्धा तास नुसता बसून होतो.

आता हे २४ हजार भरून निघतात का? भाड्याने राहत असाल तर बरेचसे निघतात. आम्ही जायच्या आधी घोडबंदर रोडला टू बीएचकेचे ३१ हजार भरत होतो, नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ त्याहून मोठ्या घराचे १५, वर बाल्कनी अशी की तिथे खाट टाकून झोपता येईल. तिथेच १६ हजार वाचले. डिपॉझिट पण निम्म्याहून कमी. भाजीपाला स्वस्त, द्राक्षं तर सीझनला शेजारीपाजारी नुसती पिशवीभर आणून द्यायचे. मात्र एक खर्च वाढतो तो धरत नाही कोणी, गाडीचा. ठाण्यात लोकलचा पास काढला की महिनाभर विषय संपतो, नाशिकला सिटीलिंकच्या बस आहेत पण माझ्या शिफ्टच्या वेळेला त्यांचा मेळ कधी बसला नाही आणि रिक्षावाल्याशी रोज घासाघीस करायची ताकद माझ्यात नाही, त्यामुळे एक स्कूटर माझी, एक बायकोची, दोन्हीचं पेट्रोल.

मित्राचं स्वतःचं घर आहे, लोन चालू आहे, तिथे हिशोब वेगळा. फ्लॅट भाड्याने दिला की समजा ३० येतील, नाशिकला १५-१६ जातील, १४ हाताशी राहतात. सोसायटी मेंटेनन्स तर राहत असतानाही भरतोच, वर नॉन-ऑक्युपन्सी (घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी घेते तो चार्ज) लागेल पण त्याला सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे, कमिटीने जास्त लावले तर गप्प बसू नका. ब्रोकर आणि मधे महिना-दीड महिना रिकामा जातो तो धरा. आणि आता एक मेख, जी आमच्या सीएने नाही, मला दुसऱ्याच एका भाडेकरूने सांगितली. भाडं तुमच्या इन्कममध्ये धरलं जातं. लोन चालू असेल तर भाड्यातून ३० टक्के आणि वर व्याज वजा होतं, बहुतेक काही उरत नाही, त्यामुळे मित्र सेफ आहे. पण ज्याचं लोन फिटलंय त्याचे ३.६० लाख भाड्यातले ३० टक्के गेले तरी २.५२ लाख पगाराच्या ११.२५ मध्ये (१२ वजा ते ७५ हजार) मिळणार, बेरीज १३.७७, १२ ची रेघ ओलांडली की रिबेट गेलं आणि ऐंशी-नव्वद हजार टॅक्स बसला. कर्ज नसलेल्या माणसाला जास्त फटका, घ्या!

वेळेचं गणित मात्र इतकं एकतर्फी आहे की त्यावर वाद घालायलाच नको. मित्राचं रोजचं सांगतो, कारण माझंही तेच होतं. मानपाड्याहून शेअर रिक्षा नाहीतर टीएमटी, मेट्रोच्या खांबांखालून माजिवड्यापर्यंत सरकत सरकत स्टेशन, मग कुर्ल्यापर्यंत फास्ट, आणि कुर्ल्याला वेस्टला उतरून बीकेसीच्या शेअर रिक्षाची ती लाईन. पावसात त्या लाईनीत एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने पुढची बॅग पोटाशी धरलेली, आणि पुढच्या माणसाच्या छत्रीचं पाणी बरोब्बर आपल्या कॉलरमध्ये. दारापासून दारापर्यंत एक तास पन्नास मिनिटं, दिवस चांगला असेल तर. नाशिकला मी ट्रॅफिकला शिव्या घालत घालत पण २० मिनिटांत अंबडला पोचायचो. जाऊन-येऊन दिवसाचे तीन तास वाचतात, महिन्याचे २२ दिवस धरले तर ६६ तास. बायको म्हणते, "तिकडे सहाला घरी येऊन तुला चहा लागायचा, इकडे साडेनऊला येऊन ईनो लागतं." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

हवेबद्दल पण तेच, डिसेंबरात सकाळी स्कूटर चालवताना बोटं गारठायची, ठाण्यात स्वेटर कपाटातून बाहेर काढायला कारण शोधावं लागतं. रविवारी मिसळ खाऊन गंगापूर धरणाकडे चक्कर, झालं. मुंबईकरांना वाटतं तिथे बोअर होईल, मला तरी झालं नाही, पण बायकोला पहिले सहा महिने झालं. रात्री दहानंतर मनात आलं की ठाण्याच्या तळ्याकाठी, तलावपाळीला जाऊन बसायची सवय असलेल्या बाईला तिथली रात्र फार लवकर संपते.

मग परत का आलो? इथेच खरा मुद्दा आहे, आणि तो ना पगारात आहे ना भाड्यात.

दोन वर्षांनी कंपनीने आमचं अख्खं डिपार्टमेंटच पुण्याला हलवलं. नाव नाही घेत. एका शुक्रवारी तीन वाजता मीटिंग, चार वाजता मेल, पुण्याला या नाहीतर दोन महिन्यांचा नोटीस पे घ्या. ठाण्यात राहताना नोकरी गेली असती तर काय केलं असतं? तेच घर, तीच शाळा, सकाळी ऐरोलीला इंटरव्ह्यू, दुपारी पवईला, दुसऱ्या दिवशी वागळे इस्टेटला. ट्रान्स-हार्बर लोकलवरच्या ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंतच्या पट्ट्यातच एवढ्या कंपन्या आहेत की कुठेतरी चिकटतो माणूस. नाशिकला सातपूर आणि अंबड मिळून मोठ्या मोठ्या कंपन्या आहेत, इंजिनिअरिंगवाल्याला, ऑटोवाल्याला चांगला वाव आहे, पण माझ्या कामाच्या जागा शहरात मोजून चार, त्यातल्या तीन भरलेल्या. म्हणजे मी नोकरीसाठी शहर बदललं नव्हतं, एका कंपनीच्या भरवशावर शहर बदललं होतं. हे जाताना कळत नाही.

आणि परत येताना दुसरा दणका. मुंबईच्या एचआरने मागची पेस्लिप मागितली आणि त्या कमी पगारावर २५ टक्के वाढवून दिले, वर तोंड असं की केवढी मेहेरबानी. मी आधी किती कमवत होतो, तिकडे स्वस्ताई होती, वगैरे सांगून पाहिलं, ती बाई नुसती हसली. त्या २५ टक्क्यांनी मी २०२२ ला जिथे होतो तिथे कसाबसा परत पोचलो, म्हणजे दोन वर्षांची वाढ गेली ती गेलीच. पगारातली कपात तुम्ही नाशिकला सोडून येत नाही, ती तुमच्याबरोबर येते. त्यामुळे मित्राला मी ४ लाखांपेक्षा हा प्रश्न जास्त विचारतोय की बाबा, तू तिकडे कायमचा चाललायस की बघू म्हणून चाललायस? कायमचा असेल, नाशिकच तुझं घर असेल, तर बारा चालतील, आनंदाने जा. 'बघू' असेल तर हे बघणं महाग पडतं.

दुसरा पगार असेल तर अजून एक गाठ. माझी बायको शाळेत शिकवते, तिकडे तिला नोकरी मिळाली पण साडेतीन महिन्यांनी आणि पगार इथल्यापेक्षा कमी. मित्राची बायको ऐरोलीला आयटीत आहे, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस कम्पल्सरी. तो म्हणतो ती अप-डाऊन करेल. नाशिकरोडहून पंचवटीने मुंबईला पास काढून रोज जाणारे वर्षानुवर्षं आहेत, हे खरंय, पण त्यांचं आयुष्य त्या डब्यात जातं, जरा त्यांना विचारून बघावं. रस्त्याने म्हणाल तर जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला, बोगद्यातून सुसाट, कसाऱ्याच्या घाटात ट्रकमागे रांगायचं संपलं. फक्त आमण्याला उतरलात की वडपे ते माजिवडा ट्रॅफिक आहेच. घाट सुटला, भिवंडी नाही सुटली. (आणि समृद्धीवर टू-व्हीलरला बंदी आहे, एक जण बुलेट घेऊन जायच्या गोष्टी करत होता म्हणून सांगतो.)

आई-बाबा ठाण्यात असतील तर हा रस्ता पाठ होतो. आम्ही होतो तेव्हा समृद्धी इथपर्यंत आली नव्हती, बाबांना रात्री अ‍ॅडमिट केलं तेव्हा मी घोटीच्या टोलपासून फोनवर होतो आणि पोचलो तेव्हा उजाडलं होतं. आता कमी वेळ लागेल, पण दीडशे किलोमीटर ते दीडशे किलोमीटर.

मुलाच्या शाळेचं फार लिहीत नाही. राज्य तेच, बोर्ड तेच, एलसी घेऊन गेलं की काम होतं, लहान मुलं महिन्याभरात रुळतात. आमचा दुसरीत होता, नाशिकला पंधरा दिवसांत मित्र झाले, परत येताना मात्र रडला. नववीत-दहावीत असेल तर थांबा, एवढंच. गाडीचं पण तेच, ठाण्याची एमएच-०४ तिकडे खुशाल चालते, परत रोड टॅक्स भरायचा नाही.

आणि अजून एक, सध्या नाशिक शहर २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत आहे, जागोजागी रस्ते खोदलेले, पर्वणीच्या दिवसांत तर तुम्ही घरातून बाहेर पडूच नका. आत्ता भाड्याने घर बघाल तर कुंभाच्या नावाखाली मालक चार हजार वाढवून सांगेल, घासाघीस करा.

मित्राला मी तिसरा रकाना पण काढून दिलाय, जो त्याने विचारातच घेतला नव्हता. पगार कमी घ्यायची तयारी आहेच, तर मग ठाण्यातच कमी घे ना! वागळे, ऐरोली, घणसोली, १४ लाखांत घराजवळची नोकरी. १४ वर टॅक्स काढला तर ७५ हजार वजा करून १३.२५ लाखांवर ८१,९००. आजच्यापेक्षा हातात महिन्याला १४ हजार कमी येतील, पण बायकोची नोकरी, शाळा, आई-बाबा सगळं जागेवर आणि कुर्ल्याची लाईन बंद. नाशिकची हवा नाही मिळणार, ते आहे. त्याचा चेहरा पडला, कारण त्याला आतून नाशिकलाच जायचंय, त्याचं आजोळ सिन्नरचं आहे, हे मला नवव्या दिवशी कळलं! आधी सांगितलं असतंस तर एवढं लिहिलं नसतं रे.

मग मी त्याला एवढंच म्हटलं की ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात आणि तुझी इथे साडेचार झालीयेत, तर जॉइनिंग सहा महिने पुढे ढकलून मिळतंय का ते आधी विचार, आणि ऑफर लेटरमध्ये कामाचं ठिकाण फक्त नाशिक असं लिहून घे, 'कंपनीच्या कोणत्याही शाखेत' अशी ओळ असेल तर ती काढायला लाव, माझ्या लेटरमध्ये होती आणि मी वाचली पण नव्हती. शुक्रवारी तो रजा टाकून बायकोला घेऊन फ्लॅट बघायला चाललाय. जाताना संध्याकाळी पाचच्या सुमाराला कंपनीच्या पार्किंगसमोर थांब म्हटलंय, चहा पी, आणि एमएच-०४ नाहीतर नवी मुंबईच्या ४३ पासिंगची गाडी बाहेर पडताना दिसली तर तिला हात कर.