सीफास्ट की एफडीएस: न्यायालयात आगीचे कोणते सिम्युलेशन?

आग आणि धूर कसे पसरले हे गणिताने मांडणाऱ्या या दोन्ही संगणक प्रणाली अमेरिकेच्या एनआयएसटी या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या. सीफास्ट खोलीत वर तप्त धूर आणि खाली थंड हवा असे दोनच थर धरते. उत्तर काही मिनिटांत मिळते. धूर डोक्याच्या उंचीवर कधी उतरला, एवढाच प्रश्न असेल तर हेच वापरावे. आकडे बदलून पुन्हा पुन्हा चालवता येते, आणि उलटतपासणीत त्याचा फार उपयोग होतो. लांब बोळात किंवा जिन्यात मात्र दोन थरांचे गृहीतक ढासळते.

एफडीएस जागेचे छोटे घन पाडून प्रवाह मोजते. १ मेगावॉटच्या आगीला साधारण १० सेंटिमीटरचा घन चालतो. त्याची बाजू निम्मी केली की गणनेचा वेळ सुमारे १६ पट होतो. तरीही दोन्ही मापांनी चालवून निकाल जुळतो हे दाखवायलाच हवे. चित्र देखणे दिसते आणि धोका तिथेच आहे: उष्णता किती वेगाने बाहेर पडली हा आकडा बहुधा तज्ज्ञानेच भरलेला असतो. जळाल्याच्या खुणांशी जुळेपर्यंत तो फिरवला, तर पुरावा उरतच नाही. २००३ मधील ऱ्होड आयलंडच्या स्टेशन नाइटक्लब आगीच्या (१०० मृत्यू) तपासात एनआयएसटीने मंचाच्या भागाची प्रतिकृती जाळून मोजमापे घेतली आणि एफडीएसचे निकाल त्यांच्याशी ताडले. प्रणाली कोणतीही असो, इनपुट फाइल आणि आवृत्ती क्रमांक विरुद्ध पक्षाला द्यावेत.