‘थ्री’ सांगून ‘थ्री एस’ गळ्यात मारला : माझे ८९,३५० रुपये

जाहिरात पाहून जुना फिल्मचा कॅमेरा घेतला आणि फसलो. आधी आकडे सांगून टाकतो. टोकन २५,०००. उरलेले ५७,०००. पॅकिंग, कुरियर आणि ‘विमा’ मिळून २,३५०. नंतरचे ५,०००, ते कसे गेले ते पुढे येईल, कारण त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. एकूण ८९,३५०. घरी अजून ५७ हजारच माहीत आहेत.

मला फुजीचा जीएक्स ६८० थ्री हा कॅमेरा हवा होता, आणि तो मिरवायला नाही. जुन्या वाड्यांचं काम करतोय. पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचा दर्शनी भाग टिपायचा तर बाजीराव रस्त्यावर मागे सरकायला जागा नाही. कॅमेरा वर रोखला की ते सुरूदार खांब आत कलतात आणि वाडा मागे पडत असल्यासारखा दिसतो. कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स वर सरकवता आली, म्हणजे ‘शिफ्ट’, की खांब उभे राहतात. चौकातली फरशी आणि मागची ओसरी दोन्ही स्वच्छ हवी असतील तर लेन्स जराशी झुकवायची, तो ‘टिल्ट’. हे सगळं ६८० थ्रीच्या पुढच्या भागात होतं. डिजिटलवाले म्हणतील, संगणकावर सरळ कर. करा तुम्ही. मला ६ बाय ८ सेंटिमीटरची निगेटिव्ह हवी होती, मग १२० च्या फिल्म रोलवर नऊच फ्रेम मिळेनात का.

विकणारा मराठी. वडिलांचा स्टुडिओ बंद केलाय, कॅमेरा धूळ खातोय, ६५ मिमीची लेन्स सोबत देतो, वगैरे. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: अजून दोन गिऱ्हाइकं थांबलीत, टोकन टाका म्हणजे जाहिरात काढतो. मी एवढा दूधखुळा नाही. आधार कार्डाचा फोटो मागितला, आला. शटरचा आवाज ऐकवा म्हटलं, ऐकवला. भात्याला, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधल्या घड्यांच्या नळीला, आतून टॉर्च लावून भोकं दाखव म्हटलं, तेही दाखवलं. याहून जास्त कोण तपासतं?

आणि मग तो व्हिडिओ. मी लिहिलं होतं, "दादा, टिल्ट करून दाखवा." त्याने काय केलं, तर ट्रायपॉडचं हँडल सैल करून अख्खा कॅमेरा पुढे झुकवला. परत मागे घेतला. "झाला ना सर टिल्ट?"

मी हसलो. खरंच हसलो. बिचाऱ्याला काही कळत नाही, वडिलांची चीज आहे, म्हणजे स्वस्तात पडेल, असा हिशेब केला. तो व्हिडिओ मी नंतर पन्नास वेळा तरी पाहिला असेल. लेन्सचा पुढचा भाग एकदाही जागचा हललेला नाही. हलणार कसा? तो थ्री नव्हताच. थ्री एस होता. या मॉडेलमध्ये वजन कमी करायला फुजीने त्या हालचालीच काढून टाकल्यात. भाता आहे, पण तो फक्त फोकससाठी पुढे-मागे होतो. नावातला ‘एस’ कुठे होता? प्रत्येक फोटोत त्यावर किमतीचं लेबल चिकटवलेलं. मी त्याला ‘जुन्या दुकानाची आठवण’ समजलो!

पार्सल उघडलं तेव्हा लेबल नव्हतं.

फोन केला तर म्हणाला, "थ्री एस म्हणजे थ्रीच की दादा." परत घेणार नाही, पण अदलाबदल करू. त्याच्याकडे मामियाचा आरझेड ६७ हा कॅमेरा होता, सोबत लेन्स झुकवू-सरकवू देणारा टिल्ट-शिफ्ट अडॅप्टर आणि ११० मिमीची लेन्स. वर १८,००० द्या, ५,००० आगाऊ. मी पाठवले. हो, पाठवले. बुडालेले वाचवायच्या नादात माणूस काय करेल सांगता येत नाही. त्या अडॅप्टरच्या जाडीमुळे साध्या लेन्सचा फोकस लांबवर पोचतच नाही. त्यासाठी आखूड नळीच्या ७५ आणि १८० च्या खास लेन्स लागतात. वाडा सोडा, समोरच्या भिंतीपर्यंतही गेला नसता. हे मला रात्री दोन वाजता आठवलं. सकाळी नंबर बंद.

आता सरकारी पाहुणचार. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "वस्तू मिळाली ना?" मिळाली, पण ही ती नव्हे. "नाव काय लिहिलंय? जीएक्स ६८०. मग?" मी शिफ्ट म्हणजे काय ते खिडकीच्या गजांवर दाखवायला लागलो. साहेबांनी ओळखीच्या लग्नाच्या फोटोग्राफरला बोलावलं. त्याने बटण दाबलं, खाट्कन आवाज आला. "चालू आहे सर." संपलं! मी ४२० म्हणालो तर उत्तर आलं, ४२० गेलं, आता ३१८. कलम बरोबर सांगितलं, लावलं मात्र नाही. सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, व्यवहार खरा आहे, वाद मालाचा आहे, ठाण्यात जा. चार चकरा, दोन अर्ध्या रजा, आणि हातात काय, तर ‘अर्ज मिळाला’ एवढा शिक्का. बँकेतल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो बाई, मीच टाकला. ग्राहक मंचाचं विचारलं तर वकील म्हणाले, विकणारा दुकानदार नाही, खासगी माणूस आहे, कठीण आहे. आधार कार्ड? ते कुणा तिसऱ्याचंच निघालं.

फसलातच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा. मी अकराव्या दिवशी केला, तोवर पैसे कुठल्या कुठे गेले होते. लेन्सचा पुढचा भाग एका बाजूला वळवून, वर उचलून, दोन्ही अवस्थांत फोटो मागा, शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवून. नावाची पट्टी पूर्ण दिसत नसेल तर विषय बंद. रोलेचा एसएल ६६ हा कॅमेरा कुणी ‘शिफ्टवाला’ म्हणून विकत असेल तर तो खोटं बोलतोय. त्याची लेन्स आठ अंशांपर्यंत झुकते, सरकत नाही. आणि शक्य असेल तर एसटी पकडून जा हो. मला तिकिटाचे सहाशे रुपये जड वाटले होते.

कॅमेरा कपाटावर आहे. फोटो उत्तम येतात, खांब कलतात.

परवा एका विद्यार्थ्याने जाहिरात पाठवून विचारलं, "सर, घेऊ का?" नंबर नवा, नाव नवं, किंमत ७८,०००, वडिलांच्या जागी काका. फोटो तेच. खाली निळी सतरंजी, डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय, आणि नावाच्या शेवटी ते पिवळं लेबल.