हॉटस्पॉटचा पासवर्ड: अँड्रॉइड की आयफोन?

आयफोनमध्ये काम सरळ: सेटिंग्ज, पर्सनल हॉटस्पॉट, वाय-फाय पासवर्ड. तिथेच दिसतो, तिथेच बदलतो. किमान 8 अक्षरं हवीत आणि तीही इंग्रजी. देवनागरीची हौस केलीत तर इतर उपकरणं जोडलीच जाणार नाहीत. हॉटस्पॉटचं नाव मात्र फोनचंच असतं, ते बदलायला जनरल, मग अबाउट असा वळसा.

अँड्रॉइडमध्ये नाव-पासवर्ड एकाच जागी, पण ती जागा कंपनीगणिक वेगळी. बहुतेकदा नेटवर्क किंवा कनेक्शन्सखाली हॉटस्पॉट सापडतो. नाहीतर सेटिंग्जमध्ये सरळ शोधा. क्यूआर कोड बऱ्याच फोनांत मिळतो. समोरच्याने तो स्कॅन केला की झालं, ट्रेनमध्ये पासवर्ड ओरडून सांगावा लागत नाही, म्हणून माझं मत अँड्रॉइडला.

पासवर्ड बदलला की जोडलेल्या लॅपटॉपवर नवा टाकावाच लागतो, दोन्हीकडे.