पीएल/एसक्यूएलमध्ये कलेक्शन फिरवायचं: फर्स्ट-लास्ट, काउंट, नेक्स्ट की फोरऑल?

गळीत हंगाम सुरू झाला की सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या संगणक विभागात सगळ्यात मोठी घाई पंधरवड्याच्या ऊस बिलाची. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे म्हटलंय, त्यामुळे रात्री लावलेली बिलाची प्रोसेस सकाळी पूर्ण झालेलीच हवी. अशा प्रोसेसचं पीएल/एसक्यूएल, म्हणजे ओरॅकल डेटाबेसच्या भाषेतला कोड, मी बरीच वर्षं सांभाळतोय. परवा आमच्या विश्रामबागेतल्या ऑफिसात नव्यानं लागलेल्या मुलीनं पॅकेज वाचून विचारलं, "सर, एकाच पॅकेजमध्ये कलेक्शन चार तऱ्हांनी फिरवलंय. मी नवीन कोड लिहिताना यातली कुठली धरू?"

प्रश्न रास्त आहे. लूप कुठला हे सवयीवर ठरवलं की कधी ना कधी फसतं. आधी त्या कलेक्शनला, म्हणजे इंडेक्स लावून मेमरीत ठेवलेल्या घटकांच्या यादीला, तीन गोष्टी विचारायच्या. ते रिकामं असू शकतं का? मधे खाडे पडू शकतात का, म्हणजे १, २, ४, ७ असे इंडेक्स राहू शकतात का? आणि इंडेक्स आकडा आहे की अक्षरं? उत्तरं हातात आली की बहुतेक वेळा निवड आपोआप होते.

प्रकार थोडक्यात सांगतो. व्हीॲरेत खाडे पडतच नाहीत, मधला एखादा घटक काढता येत नाही. नेस्टेड टेबल भरताना सलग असतं, पण डिलीट केलं की खाडा पडतो. असोसिएटिव्ह ॲरेत सुरुवातीपासूनच कुठलेही इंडेक्स चालतात आणि ओरॅकल ९आय रिलीज २ पासून ते अक्षरीही असू शकतात.

फर्स्ट ते लास्ट, की १ ते काउंट?

खरी चुरस या दोघांत आहे, कारण दिसायला दोन्ही सारखेच आणि टेस्टिंगच्या डेटावर दोन्ही बिनबोभाट चालतात.

'फॉर आय इन बिले.फर्स्ट..बिले.लास्ट' हे वाचायला सरळ आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, अजून काय हवं? पण कलेक्शन रिकामं असलं की फर्स्ट आणि लास्ट (पहिला आणि शेवटचा इंडेक्स) दोन्ही नल, म्हणजे 'किंमतच नाही', देतात, आणि नलपासून नलपर्यंत फॉर लूप चालत नाही. ओआरए-०६५०२ येतो, न्यूमेरिक ऑर व्हॅल्यू एरर. एका हंगामाच्या पहिल्याच पंधरवड्यात आमची प्रोसेस रात्री अशीच अडकली होती. तोडणीच्या टोळ्या एका गटात उशिरा पोचल्या, त्यामुळे त्या गटाची एकही स्लिप नव्हती. त्याआधीच्या हंगामांत असं कधी घडलंच नव्हतं, म्हणून कोड बरोबर वाटत होता. एरर मेसेजमध्ये 'रिकामं' असा शब्द कुठंच नाही. पहाटेपर्यंत आम्ही वजनाच्या कॉलममध्ये चुकीचा आकडा शोधत बसलो.

'फॉर आय इन १..बिले.काउंट' मध्ये हा धोका नाही. रिकाम्या कलेक्शनचा काउंट शून्य, १ ते ० म्हणजे लूप एकदाही फिरत नाही आणि प्रोग्रॅम पुढं जातो. (नेस्टेड टेबल कन्स्ट्रक्टरनं सुरूच केलं नसेल तर मात्र काउंट विचारतानाच ओआरए-०६५३१ येतो. बल्क कलेक्टनं, म्हणजे क्वेरीच्या ओळी एकदम कलेक्शनमध्ये ओतून, भरलेलं असेल तर ही भीती नाही. एकही ओळ मिळाली नाही तरी कलेक्शन रिकामं पण वैध असतं, आणि नो डेटा फाउंडही उठत नाही.)

मग काउंटच सगळीकडे वापरावा का? इथं जरा थांबा, कारण याची चूक फर्स्ट-लास्टपेक्षा जास्त महागात पडते. समजा पाच सभासदांची बिलं कलेक्शनमध्ये आहेत. दुसऱ्याच्या नोंदीवर तक्रार आहे म्हणून ते बिल तुम्ही डिलीट केलं. आता इंडेक्स राहिले १, ३, ४, ५ आणि काउंट झाला ४. लूप १ ते ४ फिरणार. दुसऱ्या फेरीला घटक नाही म्हणून ओआरए-०१४०३, नो डेटा फाउंड. हे एका अर्थी बरंच, निदान कळतं तरी. पण कुणीतरी शहाणपणानं आत एक्झिस्ट्सची (त्या इंडेक्सवर घटक आहे का याची) तपासणी घालतो. दोन नंबर गुपचूप वगळला जातो, तीन आणि चार होतात, लूप संपतो. पाचव्याचं काय? त्याचं बिल निघालंच नाही. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. तो शेतकरी बँकेत जाऊन पासबुक भरून घेईल तेव्हाच हे उघडकीला येणार.

एक्झिस्ट्स नसला तरी नो डेटा फाउंड नेहमी दिसेलच असं नाही. कलेक्शनमधला नसलेला घटक मागितल्यावर येणारी ही एरर आणि सिलेक्ट इंटूला (टेबलातली एक ओळ व्हेरिएबलमध्ये आणणाऱ्या क्वेरीला) ओळ न मिळाल्यावर येणारी एरर एकच आहे. जुन्या कोडमध्ये सिलेक्टसाठी म्हणून 'व्हेन नो डेटा फाउंड देन नल' असा हँडलर (एरर पकडून काहीच न करणारा भाग) लिहिलेला असतो. कलेक्शनचा खाडाही तोच हँडलर गिळतो आणि लूप अर्ध्यात सुटतो. काउंटचा लूप असलेल्या ब्लॉकला असा हँडलर दिसला तर मी तो कोड पुढं जाऊ देत नाही.

फर्स्ट-लास्टबरोबर एक्झिस्ट्स लावला तर हिशेब बरोबर येतो, १ ते ५ फिरून दोन वगळला जातो. आधी काउंट शून्यापेक्षा जास्त आहे हे तपासलं की रिकाम्याचाही प्रश्न मिटतो. पण इंडेक्सला सभासद क्रमांक वापरला असेल, पहिला १०४ आणि शेवटचा ९८,७३२, तर मोजक्या शे-दोनशे बिलांसाठी लूप ९८ हजारांवर फेऱ्या मारणार. एवढं सगळं करून फर्स्ट-लास्ट वाचवण्यापेक्षा पुढचा मार्ग धरावा.

फर्स्ट आणि नेक्स्टचा व्हाइल लूप

इंडेक्सला फर्स्ट द्यायचा, तो नल नसेपर्यंत फिरायचं, शेवटी इंडेक्सला नेक्स्ट द्यायचा. चार ओळी जास्त लागतात, पण तिन्ही प्रश्नांना याच्याकडे उत्तर आहे. रिकामं असेल तर फर्स्ट नल, लूप सुरूच होत नाही. खाडा असेल तर नेक्स्ट उडी मारून पुढच्या खऱ्या घटकावर जातो. चालू घटक लूपमध्येच डिलीट केला तरी नेक्स्ट बरोबर पुढचा देतो. आणि अक्षरी इंडेक्स चालतो, जो आकड्यांच्या फॉर लूपला जमतच नाही. उलटं फिरायचं तर लास्ट आणि प्रायर.

अक्षरी इंडेक्सबद्दल दोन गोष्टी मराठी डेटा ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवाव्यात. फर्स्ट म्हणजे आधी घातलेला घटक नव्हे. आपल्या जिल्ह्याचे दहा तालुके मिरजेपासून सुरुवात करून भरले तरी नेहमीच्या बायनरी क्रमात लूप आटपाडीपासून सुरू होईल, मग कडेगाव, कवठेमहांकाळ, खानापूर, आणि शेवटी शिराळा. रिपोर्ट छापील यादीच्या क्रमानं हवा असेल तर क्रमांक वेगळा ठेवावा लागतो. दुसरी गोष्ट लांबीची. इंडेक्स व्हारचार२(३०) असा जाहीर केला तर लांबी सहसा बाइटमध्ये मोजली जाते, आणि युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. 'कवठेमहांकाळ' मध्ये काना-मात्रा-अनुस्वार धरून ११ चिन्हं आहेत, म्हणजे ३३ बाइट. बाकी नऊ तालुके सुरळीत जातात आणि या एकावर ०६५०२ येतो. लांबीपुढं 'चार' हा शब्द लिहिला की प्रश्न सुटतो.

या लूपची उणीव एकच, पण जीवघेणी. नेक्स्टची ओळ विसरली तर तो कधीच थांबत नाही. ती ओळ लिहिलेली असूनही विसरल्यासारखं होऊ शकतं: ओरॅकल ११जी पासून कन्टिन्यू (ही फेरी सोडून पुढच्या फेरीला जा) आलंय, आणि लूपच्या मधे 'रक्कम शून्य असेल तर कन्टिन्यू' लिहिलं की खालची नेक्स्टची ओळ ओलांडली जाते. तोच घटक, पुन्हा तोच घटक. म्हणून अशा लूपमध्ये कन्टिन्यू वापरायचं नाही, काम इफच्या आत ठेवायचं, हा नियम मी आमच्याकडे घालून दिलाय.

२१सी मध्ये हा त्रास संपला. तिथं फॉर लूपलाच इंडायसेस ऑफ (फक्त इंडेक्स), व्हॅल्यूज ऑफ (फक्त घटक) आणि पेअर्स ऑफ (दोन्ही) लावता येतं. खाडे, अक्षरी इंडेक्स, रिकामं कलेक्शन, सगळं आतच सांभाळलं जातं आणि कन्टिन्यूही सुखानं चालतं. फक्त वाचायचं असेल तर व्हॅल्यूज ऑफ. घटकात बदल लिहायचा असेल तर इंडेक्सही हवा, म्हणून पेअर्स ऑफ. तुमचं डेटाबेस २१सी किंवा त्यापुढचं असेल तर व्हाइल लूप नव्यानं लिहायचं मला तरी कारण दिसत नाही. पण बऱ्याच ठिकाणी अजून १९सी चालू आहे आणि तिथं हा कोड कंपाइलच होत नाही. गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की 'इंडायसेस ऑफ' हे शब्द फोरऑलमध्ये १०जी पासून चालतात. त्यामुळे १९सी वर फोरऑलमध्ये चाललेली ओळ माणूस फॉर लूपमध्ये नेतो आणि कंपायलर का रुसला ते त्याला कळत नाही. शिकणाऱ्यांनी ओरॅकलची नवी फ्री आवृत्ती घरच्या मशीनवर घालून हे तिन्ही करून पाहावेत.

फोरऑलला लूप समजू नका

नावात फॉर आहे, लिहायलाही तसंच आहे, तरी फोरऑल हे एकच डीएमएल (इन्सर्ट, अपडेट, डिलीटसारखं) वाक्य आहे. त्याच्यात इफ नाही, दुसरी ओळ नाही. फायदा वेगाचा. साध्या लूपमध्ये ८,००० सभासदांच्या ओळी अपडेट केल्या तर पीएल/एसक्यूएल इंजिनकडून एसक्यूएल इंजिनकडे ८,००० वेळा जा-ये होते. फोरऑल सगळा गठ्ठा एकदम देतं. आमच्या बिलाच्या प्रोसेसमध्ये वेळ वाचला तो मुख्यतः इथं, फर्स्ट-लास्टचा काउंट करून काही वाचत नाही. म्हणून हिशेब लूपमध्ये करायचा, निकाल कलेक्शनमध्ये साठवायचा आणि शेवटी एका फोरऑलनं टेबलात लिहायचा.

कलेक्शनमध्ये खाडे असतील तर १ ते काउंट देऊ नका, ओआरए-२२१६० येईल. इंडायसेस ऑफ द्या. सेव्ह एक्सेप्शन्स लावलं तर एखादी ओळ अडली म्हणून बाकीच्या थांबत नाहीत, शेवटी ओआरए-२४३८१ उठतो आणि बल्क एक्सेप्शन्समध्ये चुकांची यादी मिळते. मात्र त्यातला एरर इंडेक्स हा कितवं वाक्य अडलं याचा आकडा आहे. १ पासून सलग कलेक्शनला तो आणि घटकाचा इंडेक्स जुळतात. खाडे असतील तर जुळत नाहीत, आणि चूक भलत्याच सभासदाच्या नावावर लागते. फर्स्टला पहिला धरून नेक्स्टनं तितकावा घटक मोजूनच खरा घटक काढावा.

कलेक्शन भरताना लिमिट (एका वेळी किती ओळी आणायच्या) घाला, १०० ते १,००० च्या दरम्यान. सगळं एकदम उचललं तर प्रत्येक सेशनच्या पीजीएमध्ये (त्याच्या स्वतःच्या मेमरीत) तेवढी जागा जाते. आणि फेचनंतर लगेच 'कर्सर नॉट फाउंड असेल तर एक्झिट' (ओळी संपल्या की लूप सोड) लिहू नका. ५५० ओळी आणि लिमिट १०० असेल तर शेवटच्या ५० ओळी आणतानाच नॉट फाउंड खरं होतं, आणि ते ५० सभासद हिशेबाविना राहतात. 'काउंट शून्य असेल तर एक्झिट' असं लिहायचं.

एवढं सगळं सांगितल्यावर त्या मुलीनं विचारलं, "पण इथं कलेक्शन हवंच कशाला?" आणि पॅकेजमधल्या एका प्रोसिजरकडे बोट दाखवलं. तिचं बरोबर होतं. तिथं ओळी फक्त वाचून गटवार रिपोर्टच्या फाइलमध्ये लिहायच्या होत्या. अशा कामाला साधा कर्सर फॉर लूप पुरतो. १०जी पासून नेहमीच्या ऑप्टिमायझर पातळीवर तो आतल्या आत १००-१०० ओळी एकदम आणतो, त्यामुळे हातानं बल्क कलेक्ट लिहून तिथं फारसं हाती लागत नाही. ती प्रोसिजर आम्ही त्याच दुपारी बदलली. आमचं डेटाबेस १९सी आहे, म्हणून तक्रारीची बिलं डिलीट होतात तिथं नेक्स्टचा व्हाइल लूप घातला, बल्क कलेक्टनं भरून कुणी हात न लावलेल्या जागी १ ते काउंट तसाच ठेवला, आणि फर्स्ट-लास्ट शोधून शोधून काढून टाकायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं.